प्रोत्साहन प्रमुख

४ सप्टेंबर, रविवार

आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझी एकमताने निवड झाली. पद: महिला क्रीडा प्रोत्साहन प्रमुख. नोव्हेंबरात आपल्या हॉलमध्ये आंतर-सोसायटी बॅडमिंटन स्पर्धा आहे आणि यंदा प्रत्येक सोसायटीने बायकांची चौघींची टीम उतरवलीच पाहिजे, असा नियम आलाय. आपल्या हॉलमध्ये आजवर फक्त पुरुष खेळत आलेत. बायका भाजीच्या पिशव्या घेऊन दारावरून जातात, आत डोकावतसुद्धा नाहीत.

सेक्रेटरींनी विचारलं, हे काम कोण घेणार. सगळे माझ्याकडे बघायला लागले. सेक्रेटरी म्हणाले, तुम्ही यात पूर्ण लक्ष घाला, टाकीच्या पंपाचं आम्ही बघून घेऊ. मी पंपांच्या कंपनीत सेल्स मॅनेजर, त्यामुळे टाकीच्या पंपाबद्दल गेलं वर्षभर प्रत्येक मीटिंगमध्ये मीच मार्गदर्शन करत होतो. त्यातून मला मोकळं केलं, म्हणजे हे नवं काम किती महत्त्वाचं असेल! खजिनदारांनी तर टाळ्या वाजवल्या.

एक गोष्ट मीटिंगमध्ये बोललो नाही. त्या चौघींत आमची कन्या हवी. वय पंधरा. दोन वर्षांपूर्वीपर्यंत छान खेळायची, मग एक दिवस रॅकेट माळ्यावर टाकली ती टाकलीच. का, ते सांगत नाही. आजकालच्या मुलींना प्रोत्साहन कमी पडतं, दुसरं काय! ती परत खेळताना दिसली पाहिजे. बाकी पद-बिद काय, चालायचंच.

५ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६

स्लोगन सुचलं. ‘ऊठ मुली, रॅकेट उचल!’ फ्रिजवर चिकटवलं. कन्येने दूध काढताना वाचलं आणि विचारलं, उचलून कुठे ठेवू. विनोदबुद्धी माझ्यावर गेलीय.

निर्धार: रोज एका तरी स्त्रीला खेळाकडे वळवायचं. ऑफिसात पंपांचं टार्गेट असतं तसं. सुरुवात घरापासून. सौ.ला म्हटलं, तू खेळायला लाग. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, सकाळी सातची ड्यूटी. बूट चढवता चढवता म्हणाली, आज डबा तू भर, मग बघू खेळाचं. विषय काय, ही बोलते काय. मला उशीर होत होता म्हणून वाद घातला नाही.

७ सप्टेंबर, बुधवार

लिफ्टजवळ पोस्टर लागलं. ‘महिलांनो, मैदानात या!’ फोटो माझा, रॅकेटसह. सौ.ने विचारलं, महिलांच्या पोस्टरवर तू कसा. तिला समजावलं, की आपल्याकडे खेळणाऱ्या बाईचा एकही फोटो नाही, म्हणून तर पोस्टर लावावं लागतंय. शिवाय प्रेरणेला चेहरा लागतो. ती म्हणाली, चेहरा लागतो हे खरं, पण... आणि पुढे बोललीच नाही. पटलं असणार.

११ सप्टेंबर, रविवार

पहिला दिवस. आल्या! चौथ्या मजल्यावरच्या डेंटिस्टबाई, शेजारच्या वकीलबाई, बालवाडीच्या शिक्षिका आणि आमची सौ. शिवाय सासूबाई. त्या गुडघ्याच्या उपचारासाठी आमच्याकडे राहायला आल्यात आणि घरात एकट्या कंटाळतात. कन्या आली नाही. क्लास आहे म्हणाली. रविवारी कसला क्लास ते विचारायचं राहिलं.

मी प्रास्ताविक केलं. खेळाचे फायदे, हाडांची झीज, स्त्रीशक्ती, माझे कॉलेजातले दिवस. हॉल तासभर मिळाला होता. बोलता बोलता तास कधी संपला कळलंच नाही, दारात पुरुषांचा डबल्सचा ग्रुप येऊन उभा. शटलला कुणाचा हात लागला नाही, पण पाया पक्का झाला. वकीलबाई सारख्या घड्याळाकडे बघत होत्या, म्हणजे वेळेचं भान आहे. खेळाडूला ते लागतंच. सासूबाईंना शांत झोप लागली.

१४ सप्टेंबर, बुधवार

प्रत्यक्ष खेळाला सुरुवात. माझी पद्धत अशी, की खेळाडूला क्षणभरही एकटं वाटू द्यायचं नाही. फटक्याच्या आधी, फटका मारताना आणि मारून झाल्यावर मी बोलत राहतो. मनगट! मनगट! पाय! मागे! अहो, मागे म्हणजे मागे! तरी डेंटिस्टबाईंचं शटल एकसारखं जाळ्यात जात होतं. मी गप्प राहिलो असतो तर काय झालं असतं, कल्पना करवत नाही.

जाताना त्या म्हणाल्या, माझ्याकडे भूल द्यायची सोय आहे, या एकदा. याला म्हणतात शेजारधर्म. एक दाढ दाखवायचीच आहे.

१८ सप्टेंबर, रविवार

वकीलबाई आल्या नाहीत. कोर्टात तारीख आहे म्हणे. कोर्ट रविवारी चालतं हे आजच कळलं. बालवाडीच्या शिक्षिकांकडे पाहुणे. डेंटिस्टबाईंचा दात दुखतोय.

स्त्रियांवर घरच्या जबाबदाऱ्या फार, हाच खरा प्रश्न आहे. घाव मुळावर घातला पाहिजे. उद्यापासून संध्याकाळचा चहा मी करणार, म्हणजे सौ.ला प्रॅक्टिसला वेळ मिळेल. बोलाची कढी नको, करून दाखवायचं.

१९ सप्टेंबर, सोमवार

चहा केला. दूध उतू गेलं. शेगडी, ओटा आणि ओट्याखालचा ड्रॉवर पुसण्यात सौ.ची प्रॅक्टिस बुडली. मी मात्र वेळेवर हॉलमध्ये हजर होतो.

२२ सप्टेंबर, गुरुवार

नवं तंत्र: कौतुक. सेल्समनकडून काम करून घ्यायचं तर आधी पाठ थोपटावी लागते. आज बालवाडीच्या शिक्षिका आल्या होत्या. त्यांना म्हटलं, तुमच्या वयाला हे म्हणजे कमालच आहे. त्यांनी वय विचारलं. माझं. सांगितलं. त्या माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान निघाल्या. रॅकेट पिशवीत घातली आणि गेल्या.

कौतुक पचवायलाही सवय लागते. आपल्याकडे बायकांचं कौतुक कुणी करतच नाही, मग अशी वेळ येते.

२५ सप्टेंबर, रविवार

आज एकट्या सासूबाई. फिजिओथेरपिस्टने त्यांना रोज अर्धा तास उभं राहायला सांगितलंय, तेवढा वेळ त्या हॉलमध्ये येऊन उभ्या राहतात. हातात रॅकेट दिली तर जागच्या जागी शटल परतवतात. आठवड्याभरात थक्क करणारी प्रगती. माझं एकेक वाक्य मनावर घेत असणार. श्रवणयंत्र मात्र घरी ठेवून येतात. घामाने खराब होतं म्हणे.

संध्याकाळी कन्येला सरळ विचारलं, तू का येत नाहीस. म्हणाली, तू असतोस म्हणून.

बरोबर आहे. बापाचा दर्जा उंच असला की मुलांना दडपण येतं. वडाच्या सावलीत रोपं वाढत नाहीत ती अशी. तरी वाईट वाटलं. वडाला वाटत नसेल.

१ ऑक्टोबर, शनिवार

खचून जायचं नाही, असं ठरवून स्मॅशचं प्रात्यक्षिक ठेवलं. प्रेक्षक: सासूबाई आणि पुरुषांचा डबल्सचा ग्रुप. उडी अप्रतिम झाली, सगळे तसं म्हणाले. उतरताना घोटा मुरगळला. हाडाला चीर आहे. तीन आठवडे प्लॅस्टर, पाय टेकायचा नाही.

स्पर्धा महिन्यावर आली आणि चळवळीचा आधारच खाटेवर! हॉलची किल्ली सौ.च्या हातात देताना गलबलून आलं. तिने किल्ली घेतली आणि म्हणाली, तू आराम कर, अगदी पूर्ण आराम. इतक्या मायेने ती बऱ्याच दिवसांत बोलली नव्हती.

५ ऑक्टोबर, बुधवार

फोनवरून मार्गदर्शन. योजना सोपी आहे. सौ.ने फोन जाळ्याच्या खांबाला बांधून स्पीकरवर ठेवायचा आणि मी इथून पलंगावरून बोलायचं. पण ती हॉलमध्ये पोचते आणि तिच्या फोनची बॅटरी संपते. काल तेच, आजही तेच. घरातून निघताना पूर्ण भरलेली असते. तिला नवा फोन घेऊन दिला पाहिजे.

९ ऑक्टोबर, रविवार

खिडकीतून हॉलचे आवाज येतात. टक, टक, टक, मग हसणं. पुन्हा टक, टक, पुन्हा हसणं. बेसिक्सकडे साफ दुर्लक्ष होतंय. आवाजावरून आठ-दहा जणी तरी असाव्यात. कुठून आल्या कोण जाणे.

सौ. घामाने निथळत आली आणि उभ्याउभ्या बाटलीभर पाणी प्यायली. मागोमाग कन्या, तीही लालबुंद. विचारलं, कुठे होतीस. म्हणाली, लिफ्ट बंद होती, जिना चढून आले. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. पोरीचा स्टॅमिना अगदीच गेलाय. बरा झालो की लक्ष घालीन.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

डबल्सच्या ग्रुपमधला बँकवाला मित्र फळं घेऊन भेटायला आला. आला तो तक्रार घेऊनच. संध्याकाळी हॉल बायकांनी गच्च भरलेला असतो, पुरुषांना जेवणं झाल्यावर खेळावं लागतं, पोटात कळा येतात. मी म्हटलं, बाबा रे, बी मी पेरलं होतं, उगवायला थोडा वेळ लागतोच. तो म्हणाला, तू पडलास आणि दुसऱ्या दिवसापासून उगवायला लागलं.

असतात असे योगायोग. त्याने आणलेली सफरचंदं जरा पिठूळ निघाली.

१६ ऑक्टोबर, रविवार

कुबड्या घेऊन खाली गेलो. कुणाला सांगितलं नाही. हॉलच्या दाराला काच आहे, तिच्यातून पाहिलं. अलीकडे सौ. आणि डेंटिस्टबाई. पलीकडे वकीलबाई आणि आमची कन्या.

कन्या खेळत होती! माळ्यावरची तीच रॅकेट. केस घट्ट वर बांधलेले. सर्व्हिस साफ चुकीची, मी शिकवलेली नव्हेच, पण शटल बरोबर रेषेवर पडलं. मग एक सोपं शटल तिने सोडलं, रॅकेट भलतीकडेच फिरवली, आणि खाली बसून हसायला लागली. चुकल्यावर. पोट धरून. ती अशी हसते हे मी विसरूनच गेलो होतो.

मनगटाचं सांगावं म्हणून मी दार ढकललं. बोटभर उघडलं असेल, तेवढ्यात सौ.ने पाहिलं. तिने मान हलवली, नको म्हणून. मी परत वर आलो. पाय फार दुखत होता. डोळ्यांत पाणी आलं ते त्यामुळेच.

२३ ऑक्टोबर, रविवार

प्लॅस्टर निघालं. पुनरागमनाचं भाषण आठवड्यापासून तयार आहे.

संध्याकाळी डेंटिस्टबाई, वकीलबाई आणि बालवाडीच्या शिक्षिका घरी आल्या. वाटलं, पायाची चौकशी करायला आल्या. सौ.ने चहा केला, बिस्किटं मांडली आणि दार लावून घेतलं. मग वकीलबाईंनी मुद्देसूद मांडणी केली. स्पर्धेच्या दिवशी सगळ्या सोसायट्यांच्या गाड्या येणार, गेटवर गोंधळ होणार, तिथे खणखणीत आवाजाचा माणूस हवा. वाहतूक आणि पार्किंग प्रमुख. माझ्याशिवाय दुसरं नाव कुणाच्या डोळ्यांसमोर येत नव्हतं म्हणे.

मी म्हटलं, ते ठीक, पण टीमच्या कोचचं काय. तर कोच म्हणून सासूबाईंना बसवायचं ठरलंय. त्या काहीच बोलत नाहीत आणि ते सगळ्यांना फार मानवतं. मी म्हटलं, बरं, गाड्या लावून झाल्या की मी मधूनमधून आत येत जाईन. यावर कुणी बिस्किटही उचलेना.

तेवढ्यात कन्या आतल्या खोलीतून आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, बाबा, तू आत आलास तर मी खेळणार नाही.

बायका गेल्यावर तिला विचारलं, असं का. तिने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या मॅचला मी गॅलरीतून पॉइंटगणिक ओरडत होतो, अंपायरने मला दोनदा ताकीद दिली, दुसऱ्या वेळेला सगळा हॉल हसला आणि तिला सर्व्हिससाठी हात उचलवेना. घरी आली ती रॅकेट माळ्यावर टाकूनच जेवली.

ती मॅच मलाही चांगली आठवते. मला आठवतं ते असं, की पोरगी घाबरली होती आणि मी तिला धीर देत होतो. अंपायर उद्धट होता.

आत येणार नाही, असा शब्द दिला. जेवण गेलं नाही. ती दाढ एकदा दाखवायलाच हवी.

३० ऑक्टोबर, रविवार

टीमला टी-शर्ट. मी आमच्या कंपनीकडून मिळवले, फुकट. पाठीवर आमच्या नव्या पंपाची जाहिरात आहे: ‘कमी आवाज, जास्त काम’. वाटलं होतं नाकं मुरडतील, पण बायकांना इतके आवडले की तिथल्या तिथे अंगावर चढवून बघितले. डेंटिस्टबाई म्हणाल्या, एक तुमच्यासाठीही ठेवा, मोठ्या साइजचा. आता कुठे माझी किंमत कळायला लागलीय.

पार्किंगसाठी शिट्टी आणली होती. कन्येने वाजवायला सांगितली आणि स्वतः हॉलमध्ये जाऊन उभी राहिली. आत ऐकू येते. शिट्टी रद्द. हातवाऱ्यांवर भागवायचं.

६ नोव्हेंबर, रविवार. सकाळी

स्पर्धा. चमकणारं जॅकेट घातलंय. निर्धार एकच: हॉलच्या पायरीवर पाऊल ठेवायचं नाही. कन्येने निघताना माझ्याकडे दोनदा वळून पाहिलं. विश्वास नसावा.

दुपारी

पार्किंग चोख. फक्त एक पांढरी गाडी खांबाला लागली. मी येऊ द्या, येऊ द्या म्हणत होतो आणि गृहस्थांनी येऊ दिलं. ऐकणारी माणसं मिळत नाहीत, आणि मिळाली की हे असं.

गाड्या संपल्या. सगळे आत गेले. कन्येची आणि डेंटिस्टबाईंची डबल्सची मॅच चालू आहे. गेटपासून हॉल हाकेच्या अंतरावर आहे, हीच तर अडचण. टाळ्या ऐकू येतात, पण कुणासाठी ते कळत नाही. मघाशी सगळ्यांच्या तोंडून एकदम ‘अरे’ असं निघालं. अरे म्हणजे काय? पॉइंट आपला गेला की त्यांचा?

बँकवाला पाणी प्यायला बाहेर आला होता. त्याला स्कोअर विचारणार होतो, पण गिळलं. कळलं असतं तर पाय थांबले नसते. वही बरोबर आणली म्हणून बरं झालं, नाहीतर हे सगळं ओरडून बसलो असतो.

संध्याकाळी

हरल्या. शेवटच्या गेममध्ये, अगदी थोडक्यात.

कन्या बाहेर आली. केस ओले, रॅकेट खांद्यावर. सरळ गेटपाशी येऊन विचारलं, खरंच आत आला नाहीस? म्हटलं, नाही. काचेतूनसुद्धा नाही? म्हटलं, नाही. तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहून खात्री करून घेतली.

मग घरी पोचेपर्यंत, चहा होईपर्यंत आणि चहा निवल्यावरही ती मॅच सांगत होती. पॉइंट न् पॉइंट. कुठे फसवलं, कुठे फसली, डेंटिस्टबाई पडता पडता शटल कसं परत गेलं. सोफ्यावर चढून करून दाखवलं. हरलेली मुलगी इतकी खूश कशी, ते विचारावंसं वाटलं, पण तिने मध्ये फटच ठेवली नाही. आणि मी एकही फटका पाहिलेला नव्हता, त्यामुळे सुधारणा सुचवण्यासारखं माझ्यापाशी काही नव्हतं. अशी वेळ माझ्यावर प्रथमच आली. ऐकत बसलो. फार छान झाली असणार मॅच.

७ नोव्हेंबर, सोमवार

सोसायटीची मीटिंग. आभारप्रदर्शन. महिलांना मैदानात आणल्याबद्दल सौ.चे आभार. कोच म्हणून सासूबाईंना पुष्पगुच्छ. बायका आता आपणहून खेळतात, सबब प्रोत्साहन प्रमुख हे पद बरखास्त. माझं नाव एकदाच आलं, पांढऱ्या गाडीच्या संदर्भात. मी म्हटलं, हरकत नाही, मग पंपाकडे परत बघतो. सेक्रेटरी घाईघाईने म्हणाले, पंप उत्तम चाललाय, तुम्ही दोन महिन्यांत बघितला नाहीत तेव्हापासून एकदाही बंद पडला नाही. खजिनदारांनी मान डोलावली.

घरी आलो तो जरा पडेल चेहऱ्यानेच. जेवताना कन्या म्हणाली, पुढच्या आठवड्यापासून स्टेडियममध्ये मुलींचा कॅम्प आहे, तिला जायचंय. पहाटेचा. स्टेडियम शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सोडायला येशील का?

मी घास खाली ठेवला. एवढ्या लांबच्या वाटेत काय काय समजावता येईल, याचे मुद्दे डोक्यात जुळायलासुद्धा लागले. पण मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, आत यायचं नाही हं.

म्हटलं, नाही येणार.

थोडा वेळ ती ताटात बोट फिरवत बसली. मग वर न बघताच विचारलं, पण बाहेर थांबशील ना?

हो म्हणालो. एवढंच म्हणालो.